घरी वायफाय नाही: फोन अडकत चालतो आणि स्मार्टवॉचचं अपडेट अर्ध्यात तुटतं

नवीपेठकर
पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो, खोलीत वायफाय नाही. रोजचा १.५ जीबीचा पॅक आहे. फोन अँड्रॉइड १२, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, त्यातले १.८ जीबी शिल्लक. कीबोर्ड उघडायला तीन-चार सेकंद लागतात आणि व्हॉट्सॲपवर फोटो येत असताना फोन पूर्ण अडकतो. घड्याळ गॅलेक्सी वॉच ४ आहे, सिम नसलेलं. फोनवरच्या ॲपमध्ये अपडेट दिसतं, डाउनलोड सुरू होतं आणि मध्येच थांबतं. अभ्यासिकेत वायफाय आहे, पण त्याला लॉगिनचं पान येतं आणि घड्याळावर ते उघडता येत नाही. नवा फोन घ्यायचा नाहीये. सुरुवात कुठून करू?

भिडेपूल
दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे, त्यामुळे घड्याळाला आत्ता हात लावू नका. गॅलेक्सी वॉचची अपडेट फाइल आधी फोनवर उतरते आणि मग ब्लूटूथने घड्याळात जाते. फोनवर १.८ जीबी उरले असताना काहीशे एमबीची फाइल उतरवणं कठीणच. अँड्रॉइड काही जागा स्वतःसाठी राखून ठेवतं, त्यामुळे दिसतात तेवढे १.८ जीबी प्रत्यक्षात वापरायला मिळत नाहीत.

फोन मंद होण्याचं कारणही जागाच. फोनचं स्टोरेज म्हणजे फ्लॅश मेमरी. तिच्यावर नवं लिहिण्याआधी जुना ब्लॉक पुसावा लागतो. मोकळे ब्लॉक भरपूर असले की हे पुसणं मागच्या मागे होत राहतं. ते संपत आले की दर वेळी लिहिण्याआधी डेटा इकडचा तिकडे हलवून जागा करावी लागते. त्यातून स्वस्त फोनांत ईएमएमसी चिप असते. ती एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते. महागड्या फोनांतली यूएफएस दोन्ही एकदम करते. म्हणून तुमच्याकडे व्हॉट्सॲपचा फोटो लिहिला जात असताना कीबोर्ड रांगेत थांबतो. यात रॅमचा दोष फार थोडा आहे.

६४ जीबीच्या फोनवर किमान ८ ते १० जीबी मोकळे हवेत. ते असे मिळतील:

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', तिथे 'मॅनेज स्टोरेज'. वर दोन गट दिसतात, ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल. आकारानुसार लावून मोठे व्हिडिओ आधी काढा. मग त्याच पानावर मागे येऊन ऑटो-डाउनलोडमधल्या मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हींच्या सगळ्या खुणा काढा, नाहीतर पंधरा दिवसांत जैसे थे.

त्यानंतर फाइल मॅनेजरमधून अँड्रॉइड, मीडिया, कॉम.व्हॉट्सॲप, व्हॉट्सॲप, डेटाबेसेस या क्रमाने आत जा. तिथे रोजच्या बॅकअपच्या प्रती साठलेल्या असतात. संभाषणं मोठी असतील तर एकेक प्रत काहीशे एमबीची निघते. ज्या फाइलच्या नावात तारीख नाही ती सर्वांत ताजी, ती ठेवा. तारखेच्या जुन्या प्रती काढल्या तरी चालतं.

एक धोका: ॲपच्या माहितीच्या पानावर 'कॅशे साफ करा' आणि 'डेटा साफ करा' ही बटणं शेजारी असतात. कॅशे म्हणजे ॲपने तात्पुरत्या साठवलेल्या फाइल. व्हॉट्सॲपवर चुकूनही 'डेटा साफ करा' दाबू नका, संभाषणं जातील. क्रोम, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांची कॅशे मात्र खुशाल साफ करा.

आणि कचरापेटी रिकामी करा. गॅलरीत काढलेले फोटो ३० दिवस पेटीत राहतात आणि तोवर जागा अडवतात. 'एवढं डिलीट केलं तरी जागा वाढत नाही' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

अनघा_के
वरच्या प्रतिसादाला जोडून एक महत्त्वाचं. गूगल फोटोजचा बॅकअप मूळ सेटिंगला फक्त वायफायवर चालतो. म्हणजे घरी वायफाय नसलेल्या माणसाचे फोटो वर गेलेलेच नसण्याची शक्यता जास्त. ॲप उघडून उजवीकडच्या वरच्या चित्रावर टॅप करा, किती फोटो रांगेत आहेत ते दिसतं. ते न बघता गॅलरीतून फोटो काढू नका.

डेटा न खर्चता फोटो हलवायचे तर टाइप-सी चा ओटीजी (थेट फोनला लागणारा) पेनड्राइव्ह सर्वांत सोपा. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस पुष्कळ फोन वाचत नाहीत आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. फोटो 'मूव्ह' करू नका, 'कॉपी' करा. पेनड्राइव्ह अभ्यासिकेतल्या संगणकाला किंवा मित्राच्या लॅपटॉपला लावून दहा-वीस फोटो आणि दोन-तीन व्हिडिओ खरंच उघडतात का ते पाहा, मगच फोनवरून काढा. मूव्ह करताना पेनड्राइव्ह हलला की फाइल दोन्हीकडून जाऊ शकते.

सिंहगडरोड
सेटिंगमध्ये व्हर्च्युअल रॅम ४ जीबीने वाढवा आणि एखादं चांगलं क्लीनर ॲप टाका. ४ जीबी रॅम आजकाल पुरत नाही.

भिडेपूल
@सिंहगडरोड, या फोनवर दोन्ही सल्ले उलटे पडतील. व्हर्च्युअल रॅम म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा रॅमसारखा वापरणं. जी ईएमएमसी आधीच गुदमरली आहे तिच्यावर आणखी लिहिण्याचं ओझं टाकायचं, आणि वर ४ जीबी जागाही गमवायची. उलट ते चालू असेल तर बंद करा. काही फोनांवर ते पूर्ण बंद होत नाही, निदान २ जीबीवर आणा. बदल रीस्टार्ट केल्यावर लागू होतो आणि तेवढी जागा लगेच परत मिळते.

क्लीनर ॲप रॅममधली ॲप मारून टाकतात. पुढच्या वेळी तेच ॲप पहिल्यापासून स्टोरेजवरून उचलावं लागतं, म्हणजे तोच अरुंद रस्ता पुन्हा. रॅम भरलेली दिसणं ही अँड्रॉइडची नेहमीची रीत आहे.

जागा झाल्यावरही फोन रखडला तर सेफ मोडमध्ये चालू करून पाहा. पॉवर मेनूतल्या 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनांवर विचारणा येते. या मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप बंद राहतात. इथे फोन सुरळीत चालला तर दोषी एखादं ॲप आहे. लाँचर (होम स्क्रीन बदलणारं ॲप), लॉक स्क्रीनवर बातम्या आणि चित्रं बदलणारी सेवा, कॉल रेकॉर्डर, बॅटरी सेव्हर, याच क्रमाने काढून बघा. सेफ मोडमध्येही तसाच रखडला तर मूळ प्रणाली किंवा हार्डवेअर.

ॲनिमेशन अर्ध्यावर आणण्याचा उपाय सगळे सांगतात: बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप, डेव्हलपर ऑप्शन्स, तिथली तिन्ही ॲनिमेशन स्केल ०.५. त्याने फोन चपळ वाटतो, कामाचा वेग तोच राहतो. शिवाय काही बँकांची ॲप डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की उघडत नाहीत. बदल करून झाल्यावर ती अडली तर वरचा मुख्य स्विच बंद करा.

तपकीरगल्ली
हार्डवेअरच्या बाजूने थोडं. मेमरी कार्डवर ॲप हलवली असतील तर ती आधी परत फोनवर आणा. कार्डावर ए१ किंवा ए२ अशी खूण नसेल तर ते फोटो साठवायला ठीक, ॲप चालवायला नाही. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं, ए२ म्हणजे ४००० आणि २०००. खूण नसलेल्या कार्डाची यातली कसलीच हमी नसते.

उष्णता दुसरी. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत चार्जिंग, हॉटस्पॉट आणि डाउनलोड एकदम चालवलं की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. कव्हर काढा, गादीवरून उचलून फरशीवर किंवा टेबलावर ठेवा, पंख्याखाली. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत पाणी सुटतं.

बॅटरी बदलल्याने अँड्रॉइड फोन वेगवान होईलच असं कुणी सांगितलं तर लगेच पैसे देऊ नका. जुन्या बॅटरीमुळे मुद्दाम वेग कमी करणं ही गोष्ट आयफोनमध्ये आहे आणि तिथे 'बॅटरी हेल्थ'च्या पानावर तसं लिहिलेलं दिसतं. अँड्रॉइडवर बॅटरी बदलायची ती फोन ३० टक्क्यांवर अचानक बंद पडत असेल तर. मागचं झाकण उचललेलं दिसत असेल तर मात्र त्याच दिवशी बदला. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका आणि दाबून बसवायचा प्रयत्नही करू नका. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास दुरुस्तीवाले भरपूर आहेत. बॅटरी बदलताना समोर बसा आणि जुनी हातात घेऊन तिच्यावरचा मॉडेल नंबर नव्या बॅटरीशी ताडून पाहा.

नवीपेठकर
व्हॉट्सॲप, डेटाबेसेस, कचरापेटी आणि व्हर्च्युअल रॅम एवढं केलं. आता ११ जीबी मोकळे आहेत, कीबोर्ड लगेच उघडतो. फोटो पेनड्राइव्हवर घेतलेत. आता डेटाचं सांगा. प्ले स्टोअरमध्ये ६० च्या वर ॲप अपडेटसाठी थांबली आहेत आणि फोनचंही एक अपडेट आहे. एका दिवसाच्या १.५ जीबीत हे मावणार नाही.

मुळामुठा
मावायची गरज नाही, क्रम लावायचा. वायफाय नसलेल्या फोनचं खरं दुखणं हे की अँड्रॉइड मोबाइल डेटाला मीटर्ड म्हणजे मोजून वापरायचा मानतं आणि ॲप अपडेट, बॅकअप, प्रणालीचं अपडेट सगळं वायफायची वाट बघत ठेवतं. वर्षभर ती रांग वाढत जाते.

आधी हिशेब बघा. रोजचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ केबी. ३०० एमबीच्या फाइलला त्या वेगाने दहा तासांहून जास्त लागतील आणि त्याआधीच सर्व्हर जोडणी तोडेल. म्हणून मोठं डाउनलोड कोटा ताजा असताना, मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे. संध्याकाळी पेठांमध्ये टॉवरवर गर्दी असते, त्या वेळी मोठी फाइल लावू नका.

पहिल्या दिवशी फक्त पाया: गूगल प्ले सर्व्हिसेस, अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू, क्रोम, गॅलेक्सी वेअरेबल आणि त्याचं वॉच ४ चं प्लगिन. प्लगिन हे वेगळं ॲप आहे, ते जुनं राहिलं तरी घड्याळाचं अपडेट अडतं. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क प्रेफरन्सेस', तिथे ॲप डाउनलोड 'दर वेळी विचारा' वर ठेवा. 'अपडेट ऑल' दाबू नका.

दुसऱ्या दिवशी फोनचं अपडेट. त्या पानावर आकार लिहिलेला असतो. महिन्याचा सुरक्षा पॅच काहीशे एमबीचा असतो, आवृत्ती बदलणारं अपडेट १.५ जीबीच्या पुढे जाऊ शकतं. दुसऱ्या प्रकारचं असेल तर ते अभ्यासिकेच्या वायफायसाठी राखा. अपडेट झाल्यावर एक-दोन दिवस फोन पुन्हा जड वाटेल, कारण प्रणाली सगळी ॲप नव्याने बांधत असते. ते काम फोन चार्जिंगला आणि पडून असताना चालतं. रात्री चार्जरवर ठेवा, घाबरून रीसेट करू नका.

बाकीची ॲप रूममेटकडून घ्या, डेटा न वापरता. दोघांच्या प्ले स्टोअरमध्ये 'मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस', तिथे 'शेअर ॲप्स'. एकाने 'सेंड', दुसऱ्याने 'रिसीव्ह'. फोन जवळ ठेवायचे, पाठवण थेट एका फोनवरून दुसऱ्यावर होते. सगळी ॲप त्या यादीत दिसत नाहीत, तरी बराच भार हलका होतो. आणि जी ॲप वापरतच नाही ती अपडेट कशाला करायची? ती काढाच.

अनघा_के
अभ्यासिकेच्या लॉगिनबद्दल: घड्याळाला त्या वायफायवर नेण्याची गरजच नाही. वॉच ४ ची फाइल फोन उतरवतो, आणि फोनच्या ब्राउझरमध्ये लॉगिन पान उघडतं. तिथे फोनवर डाउनलोड पूर्ण करा. दोन गोष्टी बघा. अशा वायफायचं सत्र ठरावीक वेळाने संपतं, म्हणून डाउनलोडच्या आधी बाहेर पडून नव्याने लॉगिन करा. आणि तेवढ्या वेळापुरता मोबाइल डेटा बंद ठेवा. वायफाय कमकुवत झालं की फोन न सांगता मोबाइल डेटावर उडी मारतो आणि कोटा संपतो.

पुणे स्टेशनवरचं रेलवायर वायफाय कुणी सुचवेल. त्यात रोज ३० मिनिटं फुकट, १ एमबीपीएस वेगाने. पूर्ण वेगाने चाललं तरी २२५ एमबीच्या वर काही उतरत नाही. ॲप अपडेटला ठीक, घड्याळाला अपुरं.

भिडेपूल
आता घड्याळ. फाइल फोनवर आल्यानंतरचा टप्पा संथ असतो, कारण ती ब्लूटूथने जाते. सेकंदाला साधारण १०० केबी धरले तर ३०० एमबीला ५० मिनिटं. त्या काळात आकडा एका जागी थांबलेला दिसला म्हणून रद्द करू नका.

सुरू करण्याआधी: घड्याळ चार्जरवर आणि ५० टक्क्यांच्या वर. फोनचा पॉवर सेव्हिंग आणि डेटा सेव्हर बंद. गॅलेक्सी वेअरेबल आणि प्लगिन दोन्हींची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, नाहीतर स्क्रीन बंद होताच फोन त्यांना झोपवतो. अर्ध्यात तुटणाऱ्या अपडेटचं जागेखालोखालचं कारण हेच. ब्लूटूथ इअरफोन काढून ठेवा. प्रायव्हेट डीएनएस, जाहिराती अडवणारं ॲप किंवा व्हीपीएन असेल तर तेवढा वेळ बंद. तारीख-वेळ स्वयंचलित हवी. ती चुकीची असेल तर सर्व्हरचं प्रमाणपत्र जुळत नाही आणि 'सर्व्हरशी संपर्क नाही' असा फसवा संदेश येतो.

मग गॅलेक्सी वेअरेबलमध्ये 'वॉच सेटिंग्ज', 'वॉच सॉफ्टवेअर अपडेट', 'डाउनलोड अँड इन्स्टॉल'. घड्याळात गाणी भरली असतील तर आधी काढा, त्यालाही जागा लागते.

कर्वेनगर_वाचक
माझं घड्याळ दोन हजारांच्या आतलं, ब्लूटूथ कॉलिंगवालं. त्याला हेच लागू का?

मुळामुठा
नाही, तुमचं काम सोपं आहे. त्या घड्याळांत वायफाय नसतंच आणि अपडेट थोड्या एमबीचं असतं. मोबाइल डेटावर ते सहज उतरतं. अडचण येते ती पाठवताना, कारण ती कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर फारच सावकाश होते. फोन आणि घड्याळ एका टेबलावर, स्क्रीन चालू, कंपनीचं ॲप समोर उघडं. 'निअरबाय डिव्हाइसेस'ची परवानगी द्या. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीचा फोन असेल तर लोकेशनही चालू लागतं. कॉल आला तर उचलू नका, आवाज त्याच घड्याळाकडे वळतो आणि पाठवण तुटते.

मध्येच तुटून घड्याळ लोगोवर अडकलं तर चार्जरला लावा, बटण १०-१५ सेकंद दाबून धरा आणि ॲपमधून पुन्हा तेच अपडेट द्या. चार्ज होत नसेल तर मागच्या धातूच्या टाचण्यांवर घामाचा थर आहे का बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. इंटरनेटवर कुठेतरी मिळालेली फर्मवेअर फाइल टाकू नका. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या घड्याळांत आतली चिप वेगळी असते, आणि चुकीच्या फाइलनंतर ते परत उठत नाही.

अनघा_के
ॲपल वॉचवाल्यांसाठीही लिहून ठेवते. घड्याळ चार्जरवर, ५० टक्क्यांच्या वर आणि आयफोन वायफायवर, या तिन्ही अटी. आयफोनचा स्वतःचा हॉटस्पॉट त्याच आयफोनला वायफाय म्हणून चालत नाही, दुसऱ्याचा फोन हवा. दुसरा फोनही आयफोन असेल तर त्यावर 'मॅक्झिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू करा, म्हणजे हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर येतो. सिरीज ५ आणि आधीची घड्याळं ५ गिगाहर्ट्झ पकडत नाहीत. 'लो डेटा मोड' बंद ठेवा. आधी आयफोन अद्ययावत करा, वॉचओएस ११ ला आयओएस १८ लागतं.

वेअर ओएसची (गूगलची घड्याळांसाठीची प्रणाली) जी घड्याळं स्वतः वायफायवरून अपडेट घेतात, ती फोनशी ब्लूटूथने जोडलेली असताना वायफाय बंद ठेवतात. घड्याळावरचं ब्लूटूथ तात्पुरतं बंद केलं की हॉटस्पॉट पकडतात. हॉटस्पॉटचा बँड २.४ आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा.

नवीपेठकर
फोनचा पॅच झाला, प्लगिनही. घड्याळाची फाइल ॲपमध्ये बरीच मोठी दिसते आहे आणि अभ्यासिका दोन दिवस बंद आहे. रूममेटच्या अमर्याद ५जी वाल्या फोनच्या हॉटस्पॉटवर जोडलं, तरी फोन 'वायफायची वाट बघत आहे' असंच म्हणतो.

मुळामुठा
अँड्रॉइडचा हॉटस्पॉट जोडणाऱ्या फोनला 'मी मीटर्ड आहे' असं कळवतो, म्हणून. वायफायच्या यादीत त्या हॉटस्पॉटच्या नावाशेजारचं चाक दाबा, 'मीटर्ड' किंवा 'नेटवर्क युसेज' शोधा आणि 'अनमीटर्ड' करा. वायफाय एकदा बंद-चालू केलं की डाउनलोड लगेच सुरू होईल. त्याआधी गूगल फोटोजचा बॅकअप थांबवा, नाहीतर रांगेतले सगळे फोटो त्याच वाटेने आधी निघतील. रूममेटचा फोन ५जी सोडून ४जीवर आला तर त्याचा रोजचा कोटा जातो, म्हणून फोन खिडकीत ठेवा आणि वरचं चिन्ह बघत राहा.

नवीपेठकर
झालं. फाइल उतरली, ब्लूटूथने जायला तासाच्या वर लागला, घड्याळ नव्या आवृत्तीवर चालू झालं. सगळ्यांचे मनापासून आभार.

मुळामुठा
छान. आता तो हॉटस्पॉट परत 'मीटर्ड' करा आणि मगच फोटोंचा बॅकअप चालू करा. फोन ते नेटवर्क आणि त्याचं सेटिंग लक्षात ठेवतो.